कठड्यावरची लाल खूण

माझी नोकरी फिरतीची होती. हे कुणाला सांगताना आजही माझा आवाज थोडा वर चढतो. समोरच्याला ते जाणवत असेल की नाही कोण जाणे, मला मात्र दरवेळी जाणवतं. २००९ ते २०१७ अशी आठ वर्षं मी महिन्यातले दहा-बारा दिवस पुण्याबाहेर असायचे. भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि भूजलावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले होते. काम सांगायला सोपं. ठरलेल्या विहिरींवर जायचं, पाणी किती खोल आहे ते मोजायचं, नमुन्याची बाटली भरायची, विहीरमालकाशी बोलायचं, वहीत लिहायचं आणि पुढच्या विहिरीकडे निघायचं. मोजणी वर्षातून चार वेळा: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीही याच महिन्यांत मोजल्या जातात, म्हणून आम्हीही तेच वेळापत्रक धरलं होतं. मधल्या महिन्यांत पाणलोटाची कामं, विहिरींच्या उपसा चाचण्या, गावांतल्या बैठका.

माझ्या वाट्याला धाराशिव आणि लातूर हे दोन जिल्हे आले होते. धाराशिव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं.

जायची सुरुवात बहुतेकदा हुतात्मा एक्सप्रेसनं व्हायची. पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमाराला निघून ती रात्री दहाच्या आसपास सोलापूरला पोचते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. गाडीचं नाव त्यांच्यावरून आहे. शाळेत कधीतरी वाचलं असेन, पण ही चार नावं पाठ झाली ती शेजारच्या सीटवर बसलेल्या एका निवृत्त मास्तरांमुळे. ते म्हणाले, ‘ही गाडी त्यांना रोज घरी नेते.’ नंतर दौंड येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मीही खिडकीबाहेर बघत बसले. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर शेवटचा उजेड असायचा. हिवाळ्यात तोही नसायचा, नुसतीच एक रुंद काळी जागा. कुर्डुवाडीला पाय मोकळे करायला उतरायचं, चहा घ्यायचा आणि पुन्हा चढायचं.

त्या चार तासांत मला कुणाचं काही द्यायचं नसायचं. घरून निघताना आईनं किंवा लग्नानंतर सासूबाईंनी दिलेला डबा गाडीत संपवायचा, पोचल्यावर एक फोन करायचा, झालं. बॅग कायम भरलेलीच असे. सुती सलवार-कमीजचे दोन जोड, उन्हासाठी लांब बाह्यांचा शर्ट, टॉवेल, बॅटरी, भूगर्भवाल्यांची हातोडी, होकायंत्र, पाण्याची क्षारता मोजायचं यंत्र आणि रिळावर गुंडाळलेली तीस मीटरची टेप. दहा मिनिटांत घराबाहेर पडता यायचं. आज मुलीला घेऊन बागेत जायचं तरी त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या दहा मिनिटांची आठवण अंगाला लागून राहिली आहे.

सोलापूरला सकाळी जीप घेऊन काका यायचे. आठही वर्षं तेच काका. मुक्कामाच्या गावी गाडी लावताना ते तिचं तोंड नेहमी रस्त्याकडे करून ठेवायचे, रात्री-बेरात्री निघावं लागलं तर म्हणून. गावं ते पाण्यावरून ओळखत. ‘ते मचूळ पाण्याचं गाव’, ‘ते चहा फाटतो ते गाव’. मी यंत्रात क्षारतेचा आकडा बघायचे आणि तो काकांच्या वर्णनाशी जुळायचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी वहीत एक रकाना वाढवला, ‘स्थानिक वर्णन’. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, यंत्र बिघडलं तर हा रकाना चालेल. त्यांनी तो सगळ्यांच्या वहीत घालायला लावला.

टेपबद्दल सांगायला हवं. तिच्या टोकाला पितळी वजन असतं आणि त्यात तारेची दोन टोकं. पाण्याला टेकलं की रिळात टीं असा बारीक आवाज होतो आणि लाल दिवा लागतो. मग टेप केसभर वर घ्यायची, आवाज थांबतो. पुन्हा सोडायची, पुन्हा आवाज. असं तीनदा करून आकडा वाचायचा. तो कठड्यावरच्या ठरलेल्या जागीच वाचावा लागतो, नाहीतर या वेळी एका बाजूनं मोजलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या, की सगळा हिशेब चुकला. म्हणून पहिल्या भेटीत कठड्यावर लाल ऑइलपेंटनं बोटभर रेघ मारायची. ही मोजणीची खूण. ऐंशीहून जास्त विहिरींवर माझ्या हातच्या अशा लाल रेघा होत्या. उन्हापावसानं पुसट झाल्या की मी पुन्हा रंगवायचे, आणि ब्रश धुवायला रॉकेल नेहमी काकांकडे असायचं.

विहिरीत वाकून बघणं हा माझ्या कामाचा सगळ्यात आवडता भाग होता. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन बसाल्टवर, म्हणजे थंड झालेल्या लाव्हावर उभी आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक पसरत गेले. पुस्तकात त्याची आकृती असते. विहिरीत ते प्रत्यक्ष दिसतं. वर हातभर-दोन हात काळी माती, खाली पिवळा मुरूम, त्याखाली बारीक बारीक भोकांचा खडक. त्याला तिकडचे विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि पाणी असतं ते त्यात. मग एखादा विटेच्या रंगाचा लाल पट्टा आणि त्याखाली काळा फत्तर. फत्तराला चीर नसेल तर त्यात पाणी नाही, कितीही खाली जा. एकाच बांधावरच्या दोन विहिरींत एक भरलेली आणि एक कोरडी का, याचं उत्तर बहुतेकदा या पट्ट्यांत असतं. पण ते शेतकऱ्याला सांगायचं म्हणजे त्याच्या शेजारी कठड्यावर ओणवं होऊन, बोटानं दाखवत, त्याच्या शब्दांत सांगायचं. ते मला हळूहळू जमू लागलं, आणि जमलं त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही.

आजीची विहीर औसा तालुक्यातली. पहिल्यांदा गेले ती २०१० च्या जानेवारीत. मी टेप काढली तशी ती ज्वारीच्या कडेनं हळूहळू चालत आली. नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात विळा.

“कुठून आलाव, बाई?”

“पुण्याहून. पाणी मोजायला आलेय.”

“त्याला मोजायचं काय? आठ परस हाय हीर. माझ्या सासऱ्यानं खांदलेली.”

परस म्हणजे पुरुष, एका माणसाएवढी उंची. विहिरीची खोली तिकडे जुनी माणसं अशीच सांगतात. मी टेप तळापर्यंत सोडली. तेरा मीटर साठ. कठड्यावरच भागाकार केला: एक परस एक मीटर सत्तर, पाच फूट सात इंच. मी आजीला विचारलं, तुमचे सासरे केवढे होते? तिनं विळा खाली ठेवला, हात कपाळाच्या वर नेला, विचार करून बोटभर खाली आणला आणि म्हणाली, ‘येवढे.’ मी टेप त्या हाताला लावली नाही. लावायला हवी होती असंही वाटत नाही. वहीत मात्र ‘स्थानिक वर्णन’ या रकान्यात ‘आठ परस’ लिहिलं.

नंतर जेवण. ते टळायचं नाहीच. सकाळी नऊ वाजता, दुपारी चारला, कधीही. माझ्या आठ वर्षांच्या फिरतीत हॉटेलात जेवलेली दुपार मला फारशी आठवत नाही. ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्की मारून फोडलेला कांदा. कुठं चुरमुऱ्यांची सुशीला, कुठं धपाटे आणि दही, कुठं नुसता गूळ आणि तांब्याभर ताक. सुरुवातीला मी संकोचायचे. पाण्याची टंचाई असलेल्या घरात आपण ताटं उष्टी करायची, ती धुवायला पुन्हा पाणी लागायचं. एकदा हे बोलून दाखवलं तर त्या घरची बाई रागावली. म्हणाली, ‘लेक आल्यावर कुणी पाणी मोजतं का?’

तो शब्द मला सगळीकडे भेटला. गाडीतून उतरताना मी ‘मॅडम’ असायचे. टेप काढली की ‘ताई’. ओट्यावर बसून चहा झाला की ‘पोरी’. आणि निघताना ओच्यातून मूठभर शेंगा किंवा चार लिंबं माझ्या ओढणीत पडली की मी त्या घरची लेक झालेली असायचे. मी घरात थोरली, त्यामुळे जबाबदारी लवकर अंगावर आलेली. पुढे लग्न झालं, सून झाले. तिकडे मात्र वर्षातून चार वेळा ऐंशी-एक घरांत मी माहेरपणाला आल्यासारखी जात होते. कुणी माझ्या केसांना तेल नाही म्हणून हळहळायचं, कुणी ‘वाळलीस गं’ म्हणायचं, कुणी ‘नवरा करतो का नीट?’ असं थेट विचारायचं. माझ्याबद्दल त्यांना फार काही माहीत नव्हतं. आडनावही कित्येकींना ठाऊक नसेल. विहिरीवर येणारी पोर एवढी ओळख त्यांना पुरत होती.

एका वर्षी आमची जानेवारीची मोजणी थोडी आधी सुरू झाली आणि मधेच येळवस आली. वेळ अमावास्या, मार्गशीर्षाची अमावास्या. लातूर-धाराशिवकडचा हा मोठा सण आणि बाहेरच्यांना तो फारसा माहीत नसतो. त्या दिवशी गावं आणि शहरं ओस पडतात, बाजारपेठा बंद, सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप करून तिच्यात पांडवांची पूजा मांडतात. जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. बेसनात वाटाणा, तुरीचे ओले दाणे, हरभरा, पालेभाज्या, मिळेल ते सगळं एकत्र शिजवलेली दाट भाजी असते ती. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं असा रिवाज आहे. त्या दिवशी आम्ही सहा विहिरी ठरवल्या होत्या. तीन झाल्या. प्रत्येक विहिरीवर खोप होती आणि प्रत्येक खोपीत पान मांडलेलं होतं. तिसरी विहीर आजीची. मी उंडा हातात घेऊन बसले होते, ज्वारीवर वारा होता, आजीचा नातू मडक्यातून आंबील ओतत होता, आणि काका बांधावर आडवे होऊन घोरत होते. मी घड्याळ पाहिलं नाही. संध्याकाळी पाचच्या पुढं कधीतरी निघालो.

आता ज्याची आठवण सगळ्यात जास्त येते ते हे घड्याळ न बघणं. गोष्ट जेवढी लांब असेल तेवढा वेळ बसता यायचं. किल्लारीच्या जवळच्या एका पुनर्वसित गावात एका गृहस्थांनी मला ३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट सांगितली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, आणि चार वाजायच्या आत सगळं संपलं. ते जुन्या गावातल्या घरांच्या भिंतींपासून सुरू झाले, त्या किती रुंद होत्या, कुणी बांधल्या होत्या. मग गल्ल्या आल्या, मग एकेका घरात कोण होतं ते. अडीच तास ते बोलत होते. त्यांच्या विहिरीची पातळी घेऊन मी दहा मिनिटांत निघू शकले असते. पण त्या दिवशी मला कुठंच पोचायचं नव्हतं. कुठं पाळणाघर साडेसहाला बंद होणार नव्हतं, कुणाचा ताप चढतोय का हे बघायचं नव्हतं. ऐकणं एवढंच काम होतं आणि ते मी पूर्णपणे करू शकले. आज कुणी माझ्याशी अडीच तास बोललं तर मी तेवढं ऐकू शकणार नाही. मन निम्मं घरी असतं. ते असायलाच हवं, हेही मला पटतं.

अवघड गोष्टीही होत्याच. बाईमाणसाला फिरतीत सगळ्यात मोठी अडचण कसली, ते फिरणाऱ्या बायकांना सांगावं लागत नाही. कित्येक एसटी स्टँडांवरच्या स्वच्छतागृहांत पाय ठेववत नसे. मी सकाळी पाणी कमी प्यायचे, दुपारी डोकं दुखायचं. शेतावरच्या बायकांनीच ती अडचण ओळखली. न विचारता एखादी म्हणायची, ‘चला ताई, तुरीत जाऊन येऊ,’ आणि वाटेवर पाठ करून उभी राहायची. २०१२-१३ च्या दुष्काळात एका गावात आमच्यावर लोक चिडले. मोजून काय होणार, पाणी आणा, म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. त्या रात्री लॉजवर मी आमच्या साहेबांना फोन करून म्हटलं की मला हे काम जमेल असं वाटत नाही. ते म्हणाले, उद्या पुन्हा त्याच गावात जा, टेप नेऊ नकोस. मी गेले. पारावर बसले. दुपारी त्यातल्याच एकानं स्वतःच्या विहिरीवर नेलं.

लॉजवरच्या झोपेबद्दल लिहायचं राहून जाईल. पाच-सहाशे रुपयांची खोली, खिळ्याला बांधलेली नायलॉनची दोरी, त्यावर धुतलेली ओढणी, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. रात्री वहीतले आकडे पक्के करायचे, नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, नवऱ्याला फोन करायचा. आम्ही पाचेक मिनिटं बोलायचो, पण त्या पाच मिनिटांत दोघं एकमेकांना खरोखर ऐकायचो. मग दिवा घालवला की सकाळपर्यंत एकच झोप. अंगात मैलभर चालल्याचा शीण आणि डोक्यात एकही यादी नाही. तशी झोप गेल्या सात वर्षांत मला आलेली नाही.

काम लवकर उरकलं तर काका वाट वाकडी करून काहीतरी दाखवायचे. तेरला नेलं, जे जुन्या काळचं तगर, व्यापाराचं मोठं गाव. कुंथलगिरीचे पेढे घ्यायला एकदा पन्नास किलोमीटर वळसा घेतला. पण मला आठवतं ते नळदुर्ग. बोरी नदीवर बांध घालून आदिलशाहीत तिथं पाणीमहाल बांधलेला आहे. नदी भरली की बांधावरून दोन धारा पडतात, त्यांना नर आणि मादी म्हणतात, आणि महालाच्या सज्जातून ते पडणारं पाणी आतून बघता येतं. ऑक्टोबर होता, पाऊस चांगला झालेला. आठ महिने मी उतरलेल्या पातळ्या लिहीत होते. त्या सज्जात उभी राहिले तर तोंडावर तुषार आले. काका मागं उभे होते. म्हणाले, ‘घ्या, मोजा आता.’

२०१५ चा पाऊस दगा देऊन गेला. मांजरा धरण आटलं, आणि लातूर शहराचं पाणी त्याच धरणातून यायचं. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. ती ज्या मार्गानं आली, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, तो जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग. १८९७ साली कुर्डुवाडी आणि बार्शीच्या दरम्यान छोट्या रुळांची गाडी सुरू झाली आणि पुढे ती दोन्ही बाजूंना वाढत लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. रूळ नंतर रुंद झाले. मी त्या आठवड्यात औशाकडे होते. लॉजवाल्यानं दिवसाला एक बादली ठरवून दिली होती, आणि ती पुरायची, कारण एक बादली केवढी असते ते मला गावांनी आधीच शिकवलं होतं.

मेमध्ये आजीच्या विहिरीवर गेले. टेप सोडली. दहा मीटर, अकरा, बारा, तेरा. आवाज नाही. तेरा मीटर साठला वजन दगडावर आपटलं आणि वर ठण्ण असा नाद आला. मी तीनदा टेप वरखाली केली, सवय म्हणून. आजी कठड्याला टेकून उभी होती. तिला त्या यंत्राचा आवाज सहा वर्षांत ओळखीचा झाला होता. ती म्हणाली, ‘बोलत न्हाई व्हय?’ मी मान हलवली. वहीत ‘कोरडी’ असं लिहायचं असतं. मी ते लिहिलं आणि आम्ही दोघी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. त्या दिवशीही तिनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्या वर्षीचा पाऊस मात्र आला. सप्टेंबर संपता संपता मांजरा भरलं. आणि २०१७ च्या मेमध्ये मी पुन्हा तिथं गेले तेव्हा मला चौथा महिना होता. कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं, काकांनाही नाही. पोट दिसत नव्हतं, दुपट्टा मोठा घेतला होता. गाडीतून उतरून बांधावरून चालत गेले. आजी खोपटाच्या सावलीत दाणे निवडत होती. ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या पायांकडे. मी कठड्याजवळ पोचून रीळ काढलं तशी ती उठली.

“कितवा?”

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं.

“चौथा.”

“मंग वाकू नको हिरीत. बस इथं.” आणि सुनेला हाक मारली. “ती टेप घे गं तिच्या हातातली.”

मी वाद घातला नाही. दगडावर बसून सूनबाईंना सांगत गेले, रीळ असं धरा, सावकाश सोडा, भिंतीला घासू देऊ नका, लाल खुणेपाशी बघा. ती माझ्याच वयाची, दहावी झालेली. तिनं टेप सोडली आणि तोंड मिटून वाट बघत राहिली. टीं. तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोडली. टीं. आजी तिथूनच म्हणाली, ‘बोलली.’ मे महिन्यात त्या विहिरीत मी पहिल्यांदाच एवढं पाणी बघत होते. म्हणजे बघत नव्हतेच, ऐकत होते. मी वही तिच्यापुढे धरली आणि तिनंच आकडा लिहिला. ८.४०. माझ्या अक्षराच्या ओळींखाली तिची ती गोल, जपून काढलेली अक्षरं.

निघताना आजीनं ओटी भरली. खण नव्हता घरात, म्हणून सुनेचा नवा ब्लाउजपीस दिला. तांदूळ नव्हते, ज्वारी घातली. गाडीत बसल्यावर काका काही न बोलता बराच वेळ गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरवरच हाकत होते. लातूरचा रस्ता लागल्यावर म्हणाले, ‘आता खड्डे सांभाळून घेतो.’

ती माझी शेवटची मोजणी. ऑक्टोबरात मुलगी झाली. नंतर जाता आलं नसतं असं नाही. आमच्यातल्या एक जणी सहा महिन्यांच्या बाळाला आईकडे ठेवून पुन्हा फिरतीवर गेल्या, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझ्याही घरी दोन आज्या तयार होत्या. माझंच मन होईना. एक वर्ष म्हणता म्हणता तीन झाली, मग साथ आली, आणि आता मी पुण्यात बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे तपासते. आलेख काढते. एखाद्या गावाच्या रेषेत अचानक उतार दिसला की त्या विहिरीचा कठडा, त्यावर वाढलेलं पिंपळाचं रोप, तिथलं कुत्रं सगळं दिसतं. नवीन मुलं मेहनती आहेत. त्यांना मी एवढंच सांगते की जेवायला नाही म्हणू नका.

आजी २०२१ साली गेली. मला चार दिवसांनी कळलं. जाता आलं नाही.

सूनबाई मात्र फोन करतात. मोजणीच्या यादीतून ती विहीर केव्हाच गळली, तरी मे आणि ऑक्टोबरात त्यांचा फोन येतोच. त्यांच्याकडे टेप नाही, दोरीला दगड बांधून मोजतात आणि सासूसारखंच परसात सांगतात. गेल्या ऑक्टोबरात फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, लेकीनं उचलला. ती सात वर्षांची आहे. तिनं नीट ऐकून घेतलं, ‘हो मावशी, सांगते’ म्हणाली आणि ओरडून मला सांगितलं, “आई, चार परस! परस म्हणजे काय?”

मी सांगितलं. मग तिला माझा परस नको होता, स्वतःचा हवा होता. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, मी पेन्सिलनं खूण केली, एक मीटर अठरा. चार परस म्हणजे सहा मीटर ऐंशी. मग तिला ते पाणी किती खाली आहे ते बघायचं होतं. विहीर नव्हती, म्हणून तिनं ती जमिनीवर आडवी केली. हॉलच्या दारापाशी टाचा टेकवून ती फरशीवर आडवी झाली, मी डोक्यापाशी खडूनं रेघ मारली. ती उठली, त्या रेघेवर टाचा ठेवून पुन्हा आडवी झाली. दोन. टीपॉय सरकवला. तीन. चार. पाचव्याला डोकं गॅलरीच्या उंबऱ्यापलीकडे गेलं. सहावा पूर्ण होईना, मधेच कठडा आला. “पाणी याच्याही खाली आहे का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, वीतभर खाली.

ती उठली, दप्तरातून लाल खडू घेऊन आली, आणि गॅलरीच्या कठड्यावर एक रेघ मारली.